पहिल्यांदाच स्कीइंग शिकायचंय, गुलमर्ग, औली, मनाली की सरळ बाहेर कुठेतरी?

सुरंगी (देवगड)
नमस्कार मंडळी, यंदा आमच्या घरात ठरलंय की फेब्रुवारीत बर्फात जायचं आणि नुसतं गोळे मारून फोटो काढून परत यायचं नाही तर जरा तरी स्कीइंग शिकून यायचं. आम्ही सातजण आहोत, मी आणि हे, मुलगा सहावीत, दीर-जाऊ, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि सासरे, त्यांचं वय ६४ आणि बीपीची गोळी चालू आहे, ते स्की करणार नाहीत पण बर्फ बघायचाच म्हणून हटून बसलेत. स्की कुणीच कधी पायात घातलेली नाही. अडचण अशी की आमची कलमं आहेत त्यामुळे मोहोराच्या फवारण्या सांभाळून ह्यांना फार तर आठवडा-दहा दिवस सुटता येईल, मार्च लागला की काढणी आणि मग घरातलं कुणी हलत नाही. यूट्यूबवर बघितलं तर जो तो म्हणतो आमचंच ठिकाण बेस्ट. पासपोर्ट फक्त दीर-जावेकडे आहेत. खर्च जरा झाला तरी चालेल पण पैसे टाकून नुसतं रांगेत उभं राहायला नको. कुणी खरंच शिकून आलेलं असेल तर सांगा.

मालवणचो_बाबलो
अरे मेल्यांनो, हयसर पौषात जरा गारठो पडलो तर आठ वाजल्याशिवाय गोधडीतसून भायर येवचा नाय आणि तुमी बर्फात घसरूक चललास? माका एकच सांग गो बाय, थंय बांगडो गावतलो काय?

सुरंगी (देवगड)
बाबलोकाका तुम्ही पण चला, आठवी सीट आहे गाडीत.

जांभादगड (चिपळूण)
औलीला जा. नंदादेवी समोर दिसते, गर्दी कमी, माणसं साधी. तिथल्या सरकारी गढवाल पर्यटन मंडळाचे ७ दिवसांचे आणि १४ दिवसांचे स्की कोर्स असतात, स्की-बूट, शिकवणारा, राहणं-जेवण सगळं धरून, त्यामुळे कुणाशी घासाघीस करत बसायला नको. काश्मीरला सातजणांचं कुटुंब घेऊन जाण्यापेक्षा ते बरं असं माझं मत.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
सुरंगीताई, मी कोर्स करून आलोय आणि नंतरही जात राहिलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी जांभादगडांच्या औलीबद्दल. औलीचा उतार नवशिक्याला खरंच चांगला आहे, साधारण २५०० ते ३००० मीटरच्या मधे, देवदार, ओक, समोर नंदादेवी ७८१६ मीटर, कोर्सची पद्धतही त्यांनी बरोबर सांगितली. पण दोन गोष्टी. जोशीमठात जमीन खचली ना जानेवारी २०२३ मधे, तेव्हापासून जोशीमठ-औली रोपवे बंद झाला, त्यामुळे वर गाडीनेच जावं लागतं आणि ताजा बर्फ पडला की तोच रस्ता अडतो. दुसरं म्हणजे औलीचा बर्फ बेभरवशाचा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या, त्यासाठी कृत्रिम बर्फ करायची यंत्रं आणि तळं केलं, पण ते यंत्र चालायलाही हवा शून्याच्या खाली लागते, आणि बर्फच नाही म्हणून राष्ट्रीय स्पर्धा रद्द करायची वेळ तिथे एकापेक्षा जास्त वेळा आलेली आहे. शिवाय ऋषिकेशपासून जोशीमठ अडीचशे किलोमीटर घाटाचा रस्ता, म्हणजे जायचा एक दिवस यायचा एक दिवस, तुमच्याकडे मुळात आठवडा, त्यातून देवगड ते ऋषिकेश वेगळंच. एकट्या तरुण पोराने १४ दिवसांचा कोर्स करायचा तर औलीला नक्की जावं. सातजणांनी आठवड्यात जाऊन यायचं तर मी नाही सुचवणार.

आता मुख्य मुद्दा, माझं ऐकाल तर डोंगर किती उंच, गोंडोला (बंद डब्यांचा रोपवे) किती लांब, हॉटेलच्या खिडकीतून काय दिसतं हे सगळं बाजूला ठेवा. पहिल्यांदा शिकणाऱ्याला तीनच गोष्टी लागतात, अंगणाएवढा का होईना पण मंद आणि सपाटीला जाऊन आपोआप थांबणारा उतार, तोच एक शिकवणारा रोज, आणि सलग चार-पाच सकाळी. हे तिन्ही जिथे मिळेल ते तुमचं ठिकाण. माझ्या बघण्यात तरी पहिला दिवस बूट घालण्यात आणि पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि वाटतं कुठून आलो, तिसऱ्या दिवशी कधीतरी एकदम जमतं. बहुतेक लोक दुसऱ्या दिवशीच पॅकेजप्रमाणे दुसऱ्या गावाला निघतात, एक दिवस श्रीनगर एक दिवस गुलमर्ग एक दिवस पहलगाम, आणि मग घरी येऊन सांगतात आपल्याला नै बुवा जमत स्कीइंग.

चिवला (मालवण)
+१ दुसऱ्या दिवशीचं एकदम खरं, मला संडासात बसता येत नव्हतं.

सुरंगी (देवगड)
हाहा. पण पाखाडीवालादादा तुम्ही ठिकाण सांगितलंच नाहीत.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
सांगतो, आंघोळीला पाणी तापत होतं. तुमच्या बाबतीत गुलमर्ग.

कारण असं की श्रीनगर विमानतळावरून दोन-अडीच तासात पोचता येतं, साधारण पन्नास किलोमीटर, आणि गाव स्वतःच वाटीसारखं पठार आहे, साधारण २६५० मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही हजार मीटर वर, पण तिथे राहून फिरून बहुतेकांना त्रास होत नाही. नवशिक्यांचे उतार त्या वाटीतच आहेत, गोंडोलाच्या तळाजवळ आणि आजूबाजूला, दोरीला धरून वर ओढत नेणारी छोटी ड्रॅग लिफ्ट असते. हॉटेलातून चालत जाता येतं, सासरे कडेला खुर्ची टाकून कहवा पीत बसू शकतात. भारत सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था तिथे आहे, तिचे नवशिक्यांचे कोर्स असतात, कॉलेजातल्या पुतणीला त्यात घालता येतं का बघा, वयाची अट, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि तारखा आधी विचारून. बाकीच्यांना खाजगी शिकवणारा.

आणि एक, गोंडोलाचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळे नवखे इथेच पैसे घालवतात. गोंडोला दोन टप्प्यांत आहे, पहिला १९९८ चा, तो कोंगडोरीपर्यंत जातो, तीन हजार मीटरच्या जरा वर. दुसरा २००५ चा, तो अफरवटच्या अंगाने ३९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. दुसरा टप्पा जगभरचे पट्टीचे स्कीअर ज्यासाठी येतात तो, कच्चा खोल बर्फ, रोलरने दाबून सपाट केलेली वाट नाही, आणि हिमस्खलनाचा प्रदेश. फेब्रुवारी २०२३ मधे तिथे दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मधे एक रशियन. ही मुरलेली माणसं होती. त्यामुळे कुणी गाईड म्हणाला की साब दूसरे दिन आपको ऊपर से लाता हूँ तर हात जोडून नमस्कार करायचा. पहिला टप्पा सासऱ्यांना दाखवायला छान आहे, तिकीट ऑनलाइन आणि बरंच आधी काढून ठेवा, तिथे ऐनवेळी मिळेल ह्या आशेवर जाऊ नका. पण शिकायला गोंडोला लागतच नाही, हे लक्षात ठेवा.

दर्यावर्दी_२ (हर्णै, सध्या बोटीवर)
पाखाडीवाल्यांचं बरंचसं पटतं पण एक बाजू राहिली. मी अल्माटीला शिकलो, कझाकस्तान. शिंबुलाक म्हणून रिसॉर्ट आहे, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर, खाली मेदेऊला बर्फावर स्केटिंग करायचं जुनं मोठं स्टेडियम आहे तिथून केबल कार वर जाते. रिसॉर्टचा तळ २२६० मीटरवर, वरचं टोक ३२०० च्या आसपास. जुलै २०२२ पासून भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही. तिकडे फरक काय तर उतार रोज रात्री यंत्राने घोटून ठेवतात, नवशिक्यांसाठी वर नेणारा सरकता पट्टा आहे, भाड्याचे बूट-स्की चांगल्या हालतीतले, मापाचे मिळतात, आणि गस्त घालणारी माणसं आहेत. नवशिक्याला घोटलेला उतार म्हणजे अर्धी लढाई जिंकली. गुलमर्गला ताजा बर्फ गुडघाभर पडला ना की नवशिक्याचे हाल कुत्रं खात नाही, स्की आत रुतते, पडलं की उठता येत नाही. लोक म्हणतात वा काय पावडर, अरे पावडर ज्याला येतं त्याला.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
हे मान्य. भाड्याच्या सामानाबद्दल तर शंभर टक्के. गुलमर्गला दुकानात पहिला हातात देतील तो बूट घेऊ नका, तीन-चार जोड घालून बघा, आणि शक्यतो आदल्या संध्याकाळी घ्या, सकाळी झुंबड असते. पण सातातल्या पाचजणांचे पासपोर्टच नाहीत ना त्यांच्याकडे.

दर्यावर्दी_२ (हर्णै, सध्या बोटीवर)
हो ते राहिलंच. मग दीर-जाऊ अल्माटी बाकीचे गुलमर्ग असं करा, घरात भांडण लावून द्या :)

चिवला (मालवण)
जॉर्जियाचं गुडाउरी कुणी सुचवलं नाही? तिबिलिसीपासून १२० किमी, झाडं नाहीत त्यामुळे मोकळे रुंद उतार, सव्वातीन हजार मीटरपर्यंत लिफ्ट.

दर्यावर्दी_२ (हर्णै, सध्या बोटीवर)
उतार चांगले आहेत पण अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा हातात नसेल तर ई-व्हिसा, कागदपत्रं, विमानतळावरची प्रश्नोत्तरं, पहिल्या परदेश प्रवासाला सहा वर्षांचा अनुभव लागेल अशी परिस्थिती. पुढच्या वेळी.

खाडीपलीकडे (दापोली / दुबई)
दापोली तालुक्यातल्या निम्म्या घरातलं कुणी ना कुणी इकडे आखातात आहे तर कुणीच स्की दुबईचं नाव घेतलं नाही? मॉलच्या आत, २००५ पासून चालू, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे एक-दोन. सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा. कपडे, बूट, स्की तिकिटातच, हातमोजे-टोपी तेवढी आपली न्या. एका दिवसाचा धडा घेतला की ब्रेक कसा लावायचा, वळायचं कसं एवढं येतं, मुलं तर फार पटकन शिकतात. ब्रेक येत असल्याशिवाय मोठ्या उतारावर सोडतच नाहीत, ही शिस्त मला आवडली.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
ज्याचा भाऊ-मेहुणा तिकडे आहे आणि तसंही जाणं होतंय त्याने नक्की करावं, गुलमर्गच्या आधी असा एक धडा झाला तर तिथला पहिला दिवस वाचतो. पण मुद्दाम स्कीइंगसाठी दुबई म्हणजे काय, तिथे ऊन-वारा-धुकं काहीच नाही.

जांभादगड (चिपळूण)
मनाली राहिलं. सोलंग.

गोळीपाणी (कुडाळ)
सोलंगबद्दल मी लिहितो. तिथे दोन प्रकारचं स्कीइंग आहे आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. एक म्हणजे मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा १४ दिवसांचा बेसिक कोर्स, तो उत्तम, शिस्तीचा, पण पहाटे उठून धावायला लावतात, सासऱ्यांसकट सहकुटुंब करायचा नव्हे. दुसरं म्हणजे टुरिस्ट स्कीइंग. मनालीच्या वाटेवर भाड्याचा ओलसर वास येणारा कोट आणि गमबूट घ्यायचे, वर गेल्यावर कुणीतरी स्की अडकवून देतो, वीस पावलं हात धरून ओढतो, फोटो काढतो आणि पंधरा मिनिटांचे पैसे घेतो. आम्ही असेच एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही, त्या माणसाने बायकोला ब्रेक कसा लावायचा हे सांगायच्या आधीच उतारावर सोडली, ती सरळ चहाच्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन थांबली. नशिबाने नुसतं खरचटलं. फेब्रुवारीत सोलंगला बर्फ असतो पण गाड्यांची रांगही तशीच असते. नारकंडा शिमल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे, छोटं आणि शांत, पण बर्फ कधी असतो कधी नाही.

मी फिजिओ आहे म्हणून थोडं शरीराचं पण लिहितो, कारण ठिकाण कुठलंही निवडा गुडघे तेच न्यायचे आहेत.

स्कीइंगमधे सगळ्यात जास्त दुखतो तो गुडघा, आतल्या बाजूचं आणि मधलं लिगामेंट. स्की बर्फात अडकते, ती लांब असते, शरीर फिरतं आणि पिळ गुडघ्यात बसतो. म्हणूनच पडल्यावर बूट स्कीपासून सुटला पाहिजे, त्यासाठी बाइंडिंगला, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला, स्प्रिंगचं सेटिंग असतं आणि ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कितपत येणारे आहात ह्यावर ठरतं. दुकानदाराने तुमचं वजन न विचारता स्की हातात दिली तर त्याला सांगा की सेट करून दे. लाजू नका. दुसरं, हातातल्या काठ्यांचे पट्टे मनगटात अडकवून पडलात तर अंगठ्याचं लिगामेंट जातं, शिकताना पट्टे न घातलेले बरे. आणि थकल्यावर अजून एक शेवटची फेरी असं म्हणून वर जायचं नाही, जेवणानंतर दोन तास पुरे.

तयारी आत्तापासून करा. रोज भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसायचं, मांड्या थरथरेपर्यंत. घराच्या जवळ पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) असेल तर ती रोज चढ-उतर, उतरताना सावकाश, स्कीइंगला उतरायचेच स्नायू लागतात. सासऱ्यांना जायच्या आधी डॉक्टरला दाखवा, थंडीत बीपी वर जातं आणि २५०० मीटरच्या वर काहींना डोकं दुखतं, पहिल्या दिवशी नुसतं बसू दे, दुसऱ्या टप्प्याच्या गोंडोलात त्यांना नेऊच नका.

मालवणचो_बाबलो
मांडये थरथरेपर्यंत? ता माका खुर्चीतसून उठताना तशीच थरथरतत.

सुरंगी (देवगड)
गोळीपाणी खूप खूप धन्यवाद, हे कुठेच मिळालं नव्हतं. ह्यांनी आत्ताच भिंतीला टेकून बघितलं, अर्ध्या मिनिटात खाली.

एक प्रश्न, फेब्रुवारीत नक्की कधी? आणि बर्फ नसेल तर? गेल्या एक-दोन वर्षात व्हिडिओ बघितले गुलमर्ग कोरडं ठाक.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
हो, जानेवारी २०२४ मधे गुलमर्गला पिवळं गवत होतं, ऐन हंगामात. महिना संपता संपता बर्फ आला. आणि २०२५ मधे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा भाग फेब्रुवारीत ठरला होता तो बर्फ कमी म्हणून पुढे ढकलला आणि मार्चमधे झाला. तिकडचा बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, ते आले तर पाठोपाठ येतात नाहीतर तीन-तीन आठवडे पत्ता नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत मधेच ढग येतात आणि तुम्ही बागायतदार मोहोराच्या नावाने हाय खाता, त्यातलेही बरेच ढग ह्याच मंडळींची शेपटी असते, वर गुलमर्गवाले तेव्हा नाचत असतात.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, कडाक्याची थंडी. मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द. माझं मत, फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा. तोपर्यंत खाली थर बसलेला असतो, दिवस जरा मोठा झालेला असतो, आणि मुलाची बोटं गोठत नाहीत. विमान काढून ठेवा पण हॉटेल आणि शिकवणारा रद्द करता येईल असाच ठरवा, निघायच्या दहा दिवस आधी गुलमर्गचा कॅमेरा, बातम्या बघा. खेलो इंडियाच्या तारखा जाहीर झाल्या की तपासा, त्या दिवसात खोल्या मिळत नाहीत. आणि परतीला एक दिवस हातचा ठेवा, बर्फ किंवा धुकं असलं की श्रीनगरची विमानं रद्द होतात.

जांभादगड (चिपळूण)
आणि सुरक्षेचं काय? एप्रिल २०२५ मधे पहलगामला जे झालं त्यानंतर आमच्याकडे काश्मीर म्हटलं की आई हातातलं काम टाकून उभी राहते. मी कुणाला घाबरवत नाहीये, पण सातजणांचं कुटुंब आहे, लहान मूल आहे, कुणीतरी हे बोलायला हवं होतं.

खाडीपलीकडे (दापोली / दुबई)
बरोबर आहे, बोलायलाच हवं. त्याचं उत्तर इथे कुणी देऊ शकत नाही, ज्याने त्याने घरात ठरवायचं. निघायच्या आधीच्या आठवड्यात सरकारी सूचना बघायच्या आणि रद्द करायला लागलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही एवढंच.

सुरंगी (देवगड)
आमच्याकडे हे बोलणं झालंय, सासरे म्हणाले जाऊया. त्यांनी म्हटलं की विषय संपतो.

जायचं कसं ह्याबद्दल सांगा, आम्ही मोपावरून (गोव्याचा नवा विमानतळ) विचार करतोय.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
देवगडकरांना मोपाच सोयीचं. मोपा-दिल्ली थेट, मग दिल्ली-श्रीनगर. मधे चार-पाच तास ठेवा, सकाळचं दिल्लीचं धुकं तुम्हाला माहीतच आहे. स्वस्तात करायचं तर रत्नागिरीहून राजधानी किंवा मंगलाने निजामुद्दीन आणि पुढे विमान. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत पण चालू झाली, ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांना ते मस्त आहे, चिनाबचा पूल बघायला मिळतो, पण तुमच्या आठवड्यात नाही बसणार.

श्रीनगरहून निघालात की टंगमर्गला गाडी बदलायला लागू शकते, वरचे तेरा किलोमीटर बर्फात साधी गाडी सोडत नाहीत, चाकांना साखळी बांधलेली किंवा फोर बाय फोर लागते, तिथल्या युनियनच्या गाड्या असतात. हॉटेलवाल्याशी हे आधीच बोलून ठेवा, सातजण सामानासकट म्हणजे दोन गाड्या धरा. आणि मोबाइल, आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधे चालत नाही, घरात निदान दोघांचं तरी पोस्टपेड करून घ्या.

चिवला (मालवण)
स्नोबोर्ड शिकू का स्की? पुतणी कॉलेजातली आहे म्हणून विचारतोय, म्हणजे सर्वसाधारण.

गोळीपाणी (कुडाळ)
सर्वसाधारण बरं का :) पहिल्या वेळी स्की. स्कीवर पहिल्या दिवशी थोडं तरी सरकता येतं, बोर्डवर दोन्ही पाय एकत्र बांधलेले त्यामुळे सुरुवातीला नुसतं बसून-पडून जातं, मनगट आणि माकडहाड सांभाळायला लागतं.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
शिकवतात काय तेही लिहितो म्हणजे तिथे गेल्यावर भांबावायला नको. पहिलं शिकवतात ते स्नोप्लाऊ, पुढची टोकं जवळ मागची लांब, तिकडचे लोक त्याला पिझ्झा म्हणतात, मागची टोकं जेवढी फाकवाल तेवढा ब्रेक. त्यानंतर एका पायावर वजन टाकून वळणं. आणि सगळ्यात कठीण काय तर मागे न रेलणं. आपण कोकणातली माणसं, पावसात शेवाळलेल्या जांभ्यावरून उतरताना अंग आपोआप मागे जातं, जन्माची सवय. स्कीवर नेमकं उलटं आहे, मागे रेललात की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, ताबा जातो आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून, गुडघे वाकवून पुढे झुकायचं, भीती वाटेल तेव्हा तर जास्तच. शिकवणारा दिवसभर हेच ओरडत असतो. पडायचं वाटलं तर बाजूला, डोंगराच्या अंगाला बसल्यासारखं पडायचं. आणि आपल्या पुढे खाली जो आहे त्याला सांभाळायची जबाबदारी वरच्याची, जगभर हाच नियम, हे मुलाला नीट सांगा.

बूट कसा बघायचा, ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम लागला पाहिजे, गुडघे वाकवले की मागे सरकला पाहिजे, टाच वर उचलली जाता कामा नये. आतमधे एकच पातळ लांब लोकरीचा मोजा. दोन मोजे घातले की पाय आवळतो, रक्त पोचत नाही आणि उलट जास्त गार पडतो. बारा महिने चप्पल घालणाऱ्या आपल्या पायांना तो बूट म्हणजे शिक्षा वाटते, पहिल्या तासात रडकुंडीला याल, वरचे बकल सैल करून थोडं बसा. स्कीची लांबी हनुवटीपर्यंत पुरे. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनासुद्धा.

खाडीपलीकडे (दापोली / दुबई)
कपड्यांचं, कॉटनचं काही अंगाला लागून घालायचं नाही, घाम आला की ओलं राहतं. थर्मल, वर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट-पँट. हातमोजे मात्र स्वतःचे चांगले वॉटरप्रूफ घ्या, लोकरीचे विणलेले अर्ध्या तासात भिजतात. जॅकेट-पँट तिथे भाड्याने मिळते, एका हंगामासाठी विकत घेऊन देवगडच्या दमट हवेत कपाटात बुरशी लावायला ठेवू नका.

गोळीपाणी (कुडाळ)
गॉगल आणि सनस्क्रीन. हसू नका, ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंचीवर ते आधीच जास्त असतात. ढगाळ असलं तरी. डोळे चुरचुरून दोन दिवस उघडता येत नाहीत लोकांना. नाकाच्या खालच्या बाजूला, हनुवटीखाली पण लावायचं कारण खालून येतं. ओठांना आणि टाचांना आपलं कोकमाचं मुठेल, त्यापेक्षा भारी काही नाही, तिकडची हवा इतकी कोरडी की तिसऱ्या दिवशी हसलं की ओठ फुटतो.

आणि प्रवास विमा काढताना स्कीइंग त्यात धरलंय का वाचून बघा, बऱ्याच साध्या पॉलिसीत हिवाळी खेळ वगळलेले असतात.

मालवणचो_बाबलो
मुठेल माझ्याकडे आसा, दोन गोळे पाठवतंय देवगडाक. पण बांगड्याचा कोणी सांगलाच नाय.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
काका, गुलमर्गला मटण चिकन भरपूर, सकाळी थंडीत हरिसा मिळाला तर खाच. नदीतला ट्राउट मिळतो. समुद्राचं काही नाही.

मालवणचो_बाबलो
गोड्या पाण्याचा मासो. बरा, तुमी जावन येवा.

सुरंगी (देवगड)
तर आमचं असं ठरतंय बघा, कुणाला काही खटकलं तर लगेच सांगा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोपा-दिल्ली-श्रीनगर, पहिली रात्र श्रीनगर, मग पूर्ण वेळ गुलमर्गलाच, पहलगाम-सोनमर्ग काही नाही (जाऊ जरा नाराज आहे). शिकवणारे दोन ठेवतोय, एक मुलाला आणि पुतणीला, एक आम्हा चौघांना. पुतणीला कोर्सच्या तारखा जमत नाहीत, तिची परीक्षा. सकाळी शिकायचं, दुपारी सासऱ्यांबरोबर. एक दिवस पहिल्या टप्प्याचा गोंडोला सगळ्यांनी मिळून.

पाखाडीवाला (रत्नागिरी)
एकदम बरोबर. फक्त चौघांना एक म्हणजे जरा जास्त होतात, पहिले दोन दिवस दोन-दोन अशा जोड्या करता आल्या तर बघा, एकजण पडला की बाकीचे तिघं थंडीत उभे राहतात. शिकवणाऱ्याशी बोलताना त्याला विचारा तो स्वतः कुठे शिकला, आणि पाच दिवस तोच येणार का की रोज भाचा-पुतण्या पाठवणार. पैसे रोजच्या रोज द्या, सगळे आधी नको. आणि हॉटेल घेताना नवशिक्यांच्या उतारापासून पायी किती मिनिटं हे विचारा, खोलीत हीटर किती तास चालतो हे पण, वीज गेली तर जनरेटर आहे का. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं गुळमुळीत आली तर पुढचं हॉटेल.

सुरंगी (देवगड)
विचारते उद्याच. अजून एक, ह्यांचा पाय ११ नंबर आहे, तेवढा बूट मिळतो का भाड्याने?

दर्यावर्दी_२ (हर्णै, सध्या बोटीवर)
मिळतो पण मोजके असतात. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमधे असतं, टाच भिंतीला लावून अंगठ्याच्या टोकापर्यंत पाऊल मोजा आणि तो आकडा शिकवणाऱ्याला व्हॉट्सॲप करून ठेवा, तो दुकानात बाजूला काढून ठेवेल. सातही जणांची नाही, स्की करणाऱ्या सहाजणांची मापं, वजन आणि उंची एकदमच पाठवा.

सुरंगी (देवगड)
मोजलं, २९ भरलं. आता बाकीच्यांना भिंतीला उभं करते.